कापडाचा समुद्र

३ एप्रिल, सोमवार

आज बागेला सुट्टी, म्हणून ही वही उघडली. वही चिमीने आणून दिली. म्हणाली, बाबा, तुम्ही बोलून बोलून माणसं पळवता. तिकिटावरचा गेला, झोपाळ्यावरचा गेला, आता गेटवरचाही दुसरीकडे चौकशी करतोय. जे बोलायचं ते यात लिहा. लेकीने बापाला गप्प बसवायची ही नवी तऱ्हा. असो. वही निदान नोकरी सोडून जाणार नाही.

तर पहिली तक्रार समुद्राची. अर्धं आयुष्य लेथवर लोकांचे सुटे भाग कातण्यात गेलं. मग कारखाना मोडून त्याच जागेवर बाग काढली. गोल फिरणारे घोडे, झोपाळे, छोटी आगगाडी हे सगळं बाजारात मिळतं. समुद्र मिळत नाही. तो मी केला. जुन्या शेडमध्ये खाली लांब दांडे, दांड्यांवर लंबगोल चकत्या, चकत्यांवर लाकडी फासळ्या आणि त्यांच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं कापड. दांडा फिरला की फासळ्या एकामागून एक उचलतात आणि कापडाला लाटा येतात. मधून रुळावर होड्या जातात. दोन्ही बाजूंना काळ्या कापडाच्या भिंती, ती रात्र. शेवटच्या वळणावर पत्र्याचा चंद्र उगवतो. इथून खरा समुद्र इतका लांब की निम्म्या गावाने तो माझ्याच शेडमध्ये पाहिलाय.

आता कापड म्हटलं की फाटायचंच. त्यासाठी दर सोमवारी ही, म्हणजे चिमीची आई, फासळ्यांच्या खाली सरपटत जाते आणि पाठीवर पडून खालून शिवते. आधी हिचं शिवणकाम बरं चाललं होतं, गावातले निम्मे पडदे हिच्या हातचे. बाग काढली तेव्हा ते बंद करून इकडे आली. घरचंच काम आहे, त्यात हिशोब कसला.

पण आज शिवण पाहिली आणि डोकंच फिरलं. टाके वाकडे. एका जागी निळ्यावर काळा दोरा. विचारलं तर म्हणते, अंधारात कोण बघतंय. मी बघतो ना! इतकी वर्षं एक टाका इकडचा तिकडे झाला नाही आणि आता हे. हिचं मन लागत नाही हल्ली कामात.

शिवाय माझा कामाचा निळा कोट सापडत नाही तो नाहीच. वर्ष होऊन गेलं. या घरात वस्तू ठेवायची सोय उरलेली नाही.

५ एप्रिल, बुधवार

चिमीने आज जेवताना बॉम्ब टाकला. समुद्र काढायचा आणि त्या शेडमध्ये टकरीच्या गाड्या आणायच्या. तेच ते, विजेवर चालणारं छोटं वाहन घेऊन एकमेकांना धडका देत बसायचं. मी म्हटलं, रस्त्यावर हे फुकट बघायला मिळतं.

तिचं म्हणणं असं की हमरस्त्यावर मोठी बाग झाली, तिकडे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आपण मागे पडतोय. होडीची एक फेरी संपायला किती वेळ लागतो, तेवढ्यात टकरीच्या गाड्यांवर तिप्पट माणसं बसून उतरतात. आणि उतरली की पुन्हा रांगेत लागतात. समुद्राचं तसं नाही. "समुद्र बघून आलेली माणसं गप्प होतात, बाबा. गप्प माणूस काही विकत घेत नाही."

मला हे ऐकून आनंदच झाला, पण तिला तसं दाखवलं नाही. चांगली शिकवली, व्यवहार शिकवला, आणि तो माझ्याच मुळावर आला. मी हिच्याकडे पाहिलं, म्हटलं आता ही दोन शब्द माझ्या बाजूने बोलेल. ही ताटातल्या ताटात घास चाचपत होती. म्हणाली, चिमी म्हणते त्याचा विचार करायला काय हरकत आहे.

म्हणजे मायलेकींचं आधीच ठरलंय. मी हात धुतले आणि उठलो.

१० एप्रिल, सोमवार

सकाळी ही सुया घेऊन माझ्यापुढे आली. म्हणाली, एवढ्या सगळ्यांत दोरा ओवून द्या, खाली जाऊन ओवत बसायला वेळ जातो. मी चकत्यांना तेल घालत होतो. हात काळे. म्हटलं, आता मी सुया ओवू? तिने चिमीला हाक मारली. चिमीने सगळ्या ओवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हिचं काही घेऊन पळालोय.

मग हिला खाली आणखी एक दिवा हवा. खाली दिवा लावायचा म्हणजे वायर ओढायची, फासळ्या भोकं पाडून कमजोर करायच्या. टॉर्च आहे की. इतकी वर्षं टॉर्च दातात धरून शिवलंच ना?

दुपारी दोघी कापड आणायला म्हणून गेल्या. अर्धा दिवस घालवला आणि हात हलवत परत आल्या. विचारलं, कापड कुठंय? चिमी म्हणाली, मनासारखं मिळालं नाही. गावात निळं कापड मिळत नाही! मी काय दूधखुळा आहे? त्या टकरीच्या गाड्यांचा दलाल बाजारातच बसतो. त्याच्याकडे गेल्या असणार. परत येताना हातात हात घालून आल्या. एरवी या दोघींचं कधी पाच मिनिटं पटलेलं मला आठवत नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

एक हसण्यासारखी गोष्ट. गेटजवळ तो प्लास्टरचा विदूषक उभा आहे ना, त्याला ही सकाळी म्हणाली, "जरा बाजूला हो रे बाबा, मला जाऊ दे." गेटवाला पोट धरून हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हिला थट्टा सुचली. मी म्हटलं, पगार न घेणारा तो एकच आहे, त्याला दुखवू नकोस. ही पण हसली, पण लगेच आत निघून गेली.

हल्ली ही तिकिटाच्या खिडकीत बसत नाही. मागे खाण्याच्या टपरीत भांडी घासत बसते. माणसं ठेवलेली असताना. मी बोललो तर म्हणते, मला इथे बरं वाटतं. बरं तर बरं.

१७ एप्रिल, सोमवार

आज पुन्हा वाकडे टाके. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोललो. लाट वर आली की शिवण दिसते. काल समोरच्या होडीतल्या पोराने बोट दाखवलं, ते बघा, समुद्राला ठिगळ. माझ्या समुद्राला! ही म्हणाली, उसवून पुन्हा घालते. आणि खरंच, संध्याकाळपर्यंत खालीच होती. वर आली तेव्हा दोन्ही डोळे लाल आणि कपाळ ठणकत होतं. मी म्हटलं, नीट पहिल्यांदाच केलं असतं तर हा त्रास झाला नसता. चिमी तिथेच होती. तिने हातातली बादली इतक्या जोरात आपटली की कडी निघाली.

कडी मीच बसवून दिली. राग त्यांनी करायचा आणि दुरुस्त्या मी.

२४ एप्रिल, सोमवार

कडाक्याचं भांडण. दलाल घरी आला, टकरीच्या गाड्यांची चित्रं घेऊन. चकचकीत, लाल-पिवळ्या. मी त्याला चहाही विचारला नाही. तो गेल्यावर चिमीला सरळ म्हटलं, तुझ्यासारख्यांना फक्त नफा दिसतो. मी ही बाग नफ्यासाठी काढली नाही. माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट अशी करावी की जी बाजारात मिळत नाही.

ती शांत होती, तेच मला जास्त लागलं. म्हणाली, "या समुद्रात नफा झाला असेल तर तो एकट्या तुम्हाला झालाय, बाबा."

आता हे बोलणं वेड्याचं की शहाण्याचं? समुद्राने मला एक दमडी दिलेली नाही हे तिला माहीत आहे, हिशोब तीच बघते. उलट घरातलं किती कापड त्याच्या पोटात गेलं. मी विचारलं, याचा अर्थ काय? तर हिने मध्येच तिचा दंड धरला आणि म्हणाली, पुरे. चिमी उठून गेली. अर्धवट बोलून जायची ही खोड तिला आईकडून आली आहे.

ही मात्र संध्याकाळी म्हणाली, सुट्ट्या संपेपर्यंत समुद्र चालू राहू दे, पुढचं पुढे बघू. मला जरा बरं वाटलं. काही झालं तरी बायको आपली.

३० एप्रिल, रविवार

आज माझी अब्रू गेली.

काल संध्याकाळी एका पोराने होडीतून पाय बाहेर काढला आणि भिंतीजवळचं कापड हातभर फाटलं. ऐन सुट्टीतला रविवार, समुद्र बंद ठेवणं शक्य नव्हतं. सकाळी बाग उघडायच्या आधी ही खाली गेली. मी वरून घाई करत होतो, गेटवर रांग लागली होती. ही बाहेर आली, म्हणाली, झालं.

होड्या भरल्या. मी कळ दाबली. पहिली लाट आली, दुसरी आली, आणि तिसरीबरोबर डावीकडची सगळी रात्र ओढली गेली. काळी भिंत वरच्या तारेसकट खाली आली, पहिल्या होडीवर पसरली, तिच्याबरोबर पत्र्याचा चंद्र घरंगळत गेला. आत किंचाळ्या. मागच्या होडीतल्यांना वाटलं खेळच तसा आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला लागलं नाही हे नशीब.

मी वाकून पाहिलं तर हिने निळं कापड निळ्याला शिवलंच नव्हतं. काळ्या भिंतीची खालची कड घेऊन ती समुद्राला शिवून टाकली होती, हातभर, चांगली घट्ट. समुद्र हलला तशी भिंत आली. काळं आणि निळं! लहान मूलही अशी चूक करणार नाही.

माझा तोल गेला. रांग बघत होती, गेटवाला बघत होता. मी ओरडलो, "डोळे फुटले होते का तुझे?"

ही म्हणाली, "हो."

एवढंच. चूक ती चूक आणि वर हा उद्धटपणा. मी

१ मे, सोमवार

कालचं वाक्य अर्धं राहिलं कारण चिमी आली आणि मला घोड्यांच्या मागे घेऊन गेली. तिथे कुणी ऐकत नाही.

"बाबा, आईला आता काळं आणि निळं वेगळं दिसत नाही. वर्ष झालं."

डोळ्याचा मागचा पडदा. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपायचं. मंद उजेडात बारीक काम अजिबात नको. त्या दिवशी कापडाला म्हणून गेल्या होत्या त्या डॉक्टरकडे. आईने शपथ घातली होती, बाबांना सांगायचं नाही. आई शिवणं सोडेना, मी समुद्र सोडेना. म्हणून चिमीने टकरीच्या गाड्या काढल्या. शेडच गेली की शिवण संपली. "मला नाही आवडत त्या गाड्या," म्हणाली. "कान किटतात."

मी घरी आलो. ही पलंगाच्या कडेला बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मला इतका संताप आला होता की काय सांगू. हिच्यावर, चिमीवर, डॉक्टरवर. घरातल्या माणसाला घरातली गोष्ट ठाऊक नसावी? मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस?

म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही समुद्र बंद केला असतात आणि मग दिवसभर खिडकीत बसून राहिला असतात. तसं तुम्हाला बघवलं नसतं मला."

मी म्हटलं, पण मला कसं कळलं नाही? मी रोज इथेच होतो.

ती घडी घालत राहिली. "तुम्ही शिवण बघायचात," म्हणाली.

मागची पानं उलटून बघावीत असं मनात आलं. धीर झाला नाही.

३ मे, बुधवार

गावातल्या शिंप्याला बोलावलं. तो फासळ्यांखाली वाकून बघून आला, गुडघे झटकले आणि म्हणाला, साहेब, मी खुर्चीत बसून शिवतो. वर म्हणतो कसा, इथे आजवर शिवायला होतं तरी कोण? मी सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि निघून गेला.

मग मी स्वतः गेलो. इतक्या लेथ चालवल्या, सुई ती काय! पाठीवर झोपलो तर छाती फासळीला लागते. टॉर्च दातात धरली की लाळ गळ्यात येते. डोळ्यांत तेल आणि धूळ पडते. हात वर धरून धरून खांदा बधिर झाला. बोटात सुई दोनदा घुसली. मला चांगलं दिसतं, तरी दोरा ओवता ओवता रडकुंडीला आलो. हे फासळीचं अंतर कुणा गाढवाने इतकं कमी ठेवलं असं मनात आलं, आणि मग आठवलं. उंची वाढवली असती तर लाट छोटी दिसली असती. तेव्हा ही म्हणाली होती, मी मावेन.

बाहेर येऊन हिला ओढत नेलं. तिने माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, उसवा.

चिमी खूप दिवसांनी हसली. मी नाही हसलो. म्हटलं, दलालाला बोलाव. रात्री जेवण गेलं नाही, कुणी आग्रह केला नाही ते बरं झालं.

७ मे, रविवार

समुद्राचा शेवटचा दिवस. कुणाला सांगितलं नव्हतं, उगाच लोकांच्या हळहळी नकोत. भिंत आणि चंद्र परत चढवले होते, फाटलेला भाग दाभणाने कसाबसा ओढून घेतला होता.

संध्याकाळी गेट लागल्यावर मी पंखे बंद करत होतो, तर ही आली. म्हणाली, मला एकदा बसायचंय.

मी म्हटलं, आजवर किती वेळा बसलीस? तर म्हणाली, एकदाही नाही. उद्घाटनाच्या दिवशी खाली होते, कुठे उसवलं तर म्हणून. मग राहून गेलं.

मी हिशोब करून पाहिला आणि सोडून दिला. कुणीही यावं आणि माझ्या समुद्रात बसून जावं, शाळाच्या शाळा बसून गेल्या. गेटवाल्याची सासू तर तीनदा बसली.

चिमीने कळ दाबली. आम्ही पहिल्या होडीत. लाटा सुरू झाल्या. ही सरळ समोर बघत होती. म्हणाली, मला नुसतं हलतंय एवढं कळतं. तुम्ही सांगा कसं आहे.

मी सांगायला लागलो. म्हटलं, आता डावीकडची मोठी चकती येईल, तिला जरा आवाज आहे, मग...

"चकत्या नका सांगू. पाणी सांगा."

आणि मला सांगता येईना. खरंच येईना. इतकी वर्षं या होडीत बसलो ते दांडा कुठे अडतो, फासळी कुठे कुरकुरते, शिवण कुठे दिसते एवढंच बघत. निळा रंग आहे म्हटलं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे.

मग तिने हात बाहेर काढला. लाट वर आली की होडीच्या कडेला कापड लागतं, तिथे तळहात धरला. "हा पुढच्या खोलीचा पडदा," म्हणाली. पुढची लाट आली. "ही चादर. हिच्यावर तुम्ही चहा सांडला होतात." मग चिमीचा शाळेचा फ्रॉक, त्याची घडी अजून हाताला लागते म्हणाली. मी वाकून वाकून बघत होतो. मला सगळं एकच निळं दिसत होतं.

वळणाच्या अलीकडे जाडसर कापड आलं. तिने त्यावर हात दाबून ठेवला, लाट उतरेपर्यंत.

"हा तुमचा कोट. त्या आठवड्यात दुकानात निळं संपलं होतं आणि तुम्ही थांबायला तयार नव्हतात. खिसा काढला नाही मी. लाटेबरोबर फुगतो."

मी कोटासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. चिमीवर आळ घेतला होता, मोलकरणीला काढलं होतं. वर्षभर तो रोज माझ्या डोळ्यांसमोर वरखाली होत होता.

चंद्र आला. मी म्हटलं, चंद्र आलाय. ती म्हणाली, कुठे? मी तिची हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलं. म्हणाली, हां, जरा उजेड आहे खरा.

फेरी संपल्यावर चिमी कळ बंद करायला विसरली. आम्ही तसेच बसून राहिलो आणि होडी पुन्हा आत गेली.

८ मे, सोमवार

सुट्टी. समुद्र उसवायला घेतला. दलालाची माणसं परवा शेड मोजायला येणार आहेत, त्याआधी कापड उतरवायला हवं. ही दारात, उजेडात स्टूल टाकून बसली आहे, कापडाची कड मांडीवर. बोटाने चाचपून सांगते इथून, आणि मी ब्लेडने दोरा कापतो. पडदा वेगळा ठेवायचा, चादर वेगळी, फ्रॉक चिमीला द्यायचा. कोट सगळ्यांत शेवटी, असं म्हणाली.

वाटलं होतं तासाभराचं काम. दुपार झाली तरी एक पट्टा सुटला नाही. दोन ब्लेडं मोडली, अंगठा कापला, शिव्या दिल्या. सुरुवातीचे सरळ टाके घट्ट असणारच, ते मला माहीत होतं. पण मी ज्यांना नावं ठेवत होतो ते या वर्षातले वाकडेतिकडे टाके, निळ्यावरचे काळे, तेही तसेच आहेत. एकही नुसतं ओढून निघत नाही.